अधिकारी घडविणारी वसतिगृहे

(धाराशिव येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सैनिकी अधिकारी घडविणाऱ्या निवासी शिक्षणसंस्थांचा इतिहास हा आजचा विषय आहे. या इतिहासाचा आरंभ देहरादूनपासून करण्याची प्रथा आहे. मी मात्र तो नळदुर्गापासून करणार आहे. नळदुर्गात अशी संस्था कधी नव्हती हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या जिल्ह्याचा आणि लष्कराचा संबंध कोणत्या प्रकारचा होता हे ध्यानात घेतल्याखेरीज या संस्थांचे महत्त्व आपल्या लक्षात यावयाचे नाही.

१८५३ साली इंग्रजांनी निजामाशी तह केला. हैदराबाद कंटिंजंट या नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती आणि तिचा खर्च निजामावर होता. तो थकला, म्हणून काही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला. त्यात वऱ्हाड होता, रायचूरचा दुआब होता आणि धाराशिव-नळदुर्गचा हा प्रदेशही होता. कर्नल मेडोज टेलर यांनी नळदुर्गला राहून त्याचा कारभार पाहिला. १८६० मध्ये हा भाग पुन्हा निजामाकडे गेला. म्हणजे सात वर्षे येथील शेतकऱ्याचा सारा एका फौजेच्या पगारासाठी वसूल होत होता. त्या फौजेत अधिकारी म्हणून येथील मनुष्य असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती जागा गोऱ्यांसाठी राखीव होती.

दुसरा प्रसंग १३ सप्टेंबर १९४८ चा. हैदराबादवरील पोलीस कारवाईत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील सेना सोलापूरकडून निघाली आणि पहाटे नळदुर्गाच्या परिसरात पोचली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती लागणे अत्यावश्यक होते आणि तो लागला. त्याच दिवशी शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधील हवालदार बचित्तरसिंग आपल्या तुकडीच्या अग्रभागी होते. शत्रूच्या ठाण्यापासून काही पावलांवर मांडीत गोळी लागून ते कोसळले. तशाही स्थितीत सरपटत पुढे गेले आणि हातबाँब फेकून त्यांनी ते ठाणे शांत केले. मागे नेण्यास त्यांनी नकार दिला आणि तेथेच त्यांना मृत्यू आला. पुढे अशोकचक्राचा सन्मान ज्या वीरांना सर्वप्रथम देण्यात आला, त्यांत त्यांची गणना होते. आपल्यापैकी अनेकजण नळदुर्गाचा किल्ला आणि नर-मादी धबधबा पाहण्यासाठी जातात. त्या मातीवर देशाचे शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यपदक मिळविणारा एक हवालदार पडला, हे पाहुण्यांना सांगणारे फारच थोडे भेटतात.

या प्रसंगात दोन माणसे आहेत. एक हवालदार आणि एक जनरल. दोघांच्या धैर्याची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु हवालदार साधा शिपाई म्हणून भरती झाला होता, तर जनरल चौधरी सँडहर्स्ट येथील इंग्रजी सैनिकी महाविद्यालयातून १९२८ साली अधिकारी होऊन बाहेर पडले होते. भरतीच्या मैदानातून शिपाई होता येते. अधिकारी होण्याचा रस्ता बहुतांशी शाळेच्या दारातून जातो. या रस्त्याला प्रारंभी आपल्या मुलांसाठी दारच नव्हते. ते हळूहळू कसे उघडले, त्याचा हा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी सैन्यात पूर्ण दर्जाचा अधिकारी होण्याचा मार्ग हिंदी तरुणांना जवळजवळ बंद होता. युद्धात हिंदी सैनिकांनी जे रक्त सांडले त्याची जाणीव म्हणून १९१८ पासून सँडहर्स्ट येथे दरवर्षी दहा हिंदी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला. जागा दहाच, तरीही जाणाऱ्यांतील अनुत्तीर्णांचे प्रमाण इंग्रज मुलांच्या मानाने कितीतरी अधिक होते. याचे कारण बुद्धीचे नव्हते. इंग्रज मुलगा आठ-दहा वर्षे निवासी शाळेत राहिलेला असे. खेळ, शिस्त, समूहात वावरण्याची सवय आणि इंग्रजी भाषा हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असे. आपला मुलगा घरून उठून थेट परदेशातील छात्रालयात जाऊन पडे. यावर उपाय म्हणून १३ मार्च १९२२ रोजी देहरादून येथे प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते एका सैनिकी महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तेच आजचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. नावात महाविद्यालय असले तरी ती वस्तुतः शाळा आहे. तेथे आठवीत प्रवेश मिळतो आणि प्रवेशाच्या वेळी वय साडेअकरा ते तेरा वर्षांच्या दरम्यान असावे लागते. आरंभी तेथे संस्थानिकांची आणि सैन्याशी पिढीजात संबंध असलेल्या घराण्यांची मुलेच जास्त असत. आता राज्यनिहाय जागा ठरलेल्या आहेत आणि महाराष्ट्रातील उमेदवारांची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

सँडहर्स्टच्या तोडीची संस्था हिंदुस्थानातच हवी, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली. तिच्या पाठपुराव्यात नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचे नाव अग्रभागी आहे. मुंजे हे डोळ्यांचे शल्यचिकित्सक होते आणि बोअर युद्धात वैद्यकीय पथकाबरोबर गेले होते. १९३१ मध्ये सरसेनापती चेटवूड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत त्यांचा समावेश होता. तिच्या शिफारशींतून १९३२ साली देहरादून येथे इंडियन मिलिटरी अकॅडमी उभी राहिली. पहिल्या तुकडीत चाळीस छात्र होते आणि पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्यांतलेच एक. परंतु अकादमी निघाली तरी तिच्यात जाण्याइतकी तयारी झालेली मुले कोठून आणावयाची, हा प्रश्न उरलाच. मुंज्यांनी त्याचे उत्तर नाशिक येथे देण्याचा प्रयत्न केला. युरोपातील सैनिकी संस्था त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. देणग्या गोळा करून १९३७ मध्ये त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. मुंज्यांचे राजकारण सर्वांना मान्य होते असे नाही, आजही नाही. परंतु सरकारी आधाराशिवाय, लोकवर्गणीतून, महाराष्ट्राच्या भूमीवर सैनिकी शिक्षणाची निवासी शाळा उभी करून ती टिकविता येते, हे त्या संस्थेने दाखवून दिले यात शंका नाही.

त्या काळात आपला जिल्हा कोठे होता? तो निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिशांच्या मराठा पलटणींची भरती मुख्यतः सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूंनी होत असे. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि इंग्रजी नावापुरती, अशा तिहेरी ओढाताणीत वाढलेल्या मुलाने इंग्रजी प्रवेशपरीक्षेची स्वप्ने पाहावीत तरी कशी? मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. अधिकारी पदांवर मराठवाड्यातील नावे दीर्घकाळ का तुरळक राहिली, याचे मूळ येथे शोधावे लागते. आपली मुले भित्री आहेत किंवा घर सोडावयास तयार नसतात, ही मीमांसा मला कधीच पटलेली नाही. दिवाळीनंतर कुटुंबकबिल्यासह ऊसतोडीला दूरच्या कारखान्यांवर जाणारा हा मुलूख आहे. घर सोडण्याचे भय त्याला कोण शिकविणार?

स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण देण्याची कल्पना साकार झाली. १ जानेवारी १९४९ पासून देहरादूनजवळ तात्पुरत्या स्वरूपात तिचे काम सुरू झाले आणि कायमच्या जागेसाठी पुण्याजवळील खडकवासल्याची निवड झाली. तत्कालीन मुंबई सरकारने जलाशयालगतची विस्तीर्ण जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या एन.डी.ए.चे, उद्घाटन झाले. मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेला निधी तिच्या बांधणीत आला.

प्रबोधिनी महाराष्ट्रात आली. तिच्याबरोबर महाराष्ट्रातील खेड्यांतली मुले आपोआप आत गेली नाहीत. तेथील प्रवेश अखिल भारतीय स्पर्धेतून होतो. वर्षातून दोनदा संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा असते. तीनशे गुणांचे गणित आणि सहाशे गुणांची सामान्य क्षमता चाचणी, त्यातील दोनशे गुण केवळ इंग्रजीचे. त्यानंतर सेवा निवड मंडळाची मुलाखत, तीही नऊशे गुणांची. एका वेळी सुमारे चारशे जागा आणि अर्ज लाखांच्या घरात. अशा चाळणीतून त्या काळी कोण वर येई? डोंगरी शहरांतील महागड्या पब्लिक स्कूलांची मुले. म्हणजे सँडहर्स्टच्या वेळी जी विषमता इंग्रज आणि हिंदी यांच्यात होती, तीच आता संपन्न आणि सामान्य यांच्यात दिसू लागली.

ही विषमता दूर करावी, अधिकारी वर्गात सर्व प्रदेशांचे आणि सर्व थरांचे प्रतिनिधित्व असावे, या हेतूने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात सैनिक स्कूलची योजना आली. देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाले. कपुरथळा, बालाचडी, कुंजपुरा आणि चितोडगड येथील शाळा त्याच वर्षी, पण साताऱ्यानंतर निघाल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन पुरते चौदा महिनेही झाले नव्हते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि अवघ्या दीड वर्षात तेच देशाचे संरक्षणमंत्री होणार होते. साताऱ्याची निवड स्वाभाविक होती. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द जेथे सहज लावला जातो, तो हा जिल्हा.

या योजनेची रचना पंचायत सदस्यांनी समजून घेण्याजोगी आहे. जमीन, इमारती आणि शिष्यवृत्त्या राज्य शासनाने द्यावयाच्या. प्राचार्य आणि इतर दोन प्रमुख अधिकारी सैन्यदलांनी द्यावयाचे. आणि कारभार संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील सोसायटीने पाहावयाचा. मुलगा सहावीत येतो आणि बारावी होऊन बाहेर पडतो. शिष्यवृत्ती पालकाच्या उत्पन्नावर ठरते. बहुसंख्य जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी आरक्षण आहे. कुपवाडा येथे १७ नोव्हेंबर २०१५ रोजी धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिक हे याच शाळेचे विद्यार्थी. पोगरवाडीसारख्या खेड्यातून आलेला मुलगा राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनचा प्रमुख होतो आणि शोधमोहिमेत स्वतः पुढे राहतो. सैनिक स्कूल कशासाठी काढले, या प्रश्नाचे एवढे स्वच्छ उत्तर शोधून सापडावयाचे नाही. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर चेन्नई येथील अकादमीचे खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि २०१७ मध्ये त्या स्वतः सेनाधिकारी झाल्या.

साताऱ्याचे गुणगान करताना एक अडचणही सांगितली पाहिजे. वार्षिक शुल्क आता लाखाच्या पुढे गेले आहे. शिष्यवृत्ती आहे, पण ती आहे हेच ठाऊक नसलेला बाप शुल्काचा आकडा ऐकूनच माघारी फिरतो. आणि दुसरी अडचण अधिक मोठी आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा कल कोण ओळखणार? चौथी-पाचवीत असताना ज्याच्या घरी कोणी वर्तमानपत्र वाचीत नाही, त्याच्यासाठी सहावीच्या प्रवेशपरीक्षेची तारीख आली कधी आणि गेली कधी, हे कळण्याचा मार्गच नसतो. तोच मुलगा पुढे दहावीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवितो आणि तालुक्याच्या मैदानावर सर्वांच्या पुढे धावतो. तोपर्यंत सैनिक स्कूलचे दार केव्हाच बंद झालेले असते.

या मुलासाठी काय करता येईल, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या भूमीवर देण्यात आले. १९७७ साली महाराष्ट्र शासनाने औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. तिला एस.पी.आय. या नावाने ओळखतात. मराठवाड्यातून आलेले पहिले मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या कल्पनेतून ती आकाराला आली. दहा अधिक दोन अधिक तीन हा नवा आकृतिबंध राज्यात त्या सुमारासच रुजत होता आणि कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे ही एक स्वतंत्र पायरी तयार झाली होती. संस्थेने नेमकी हीच दोन वर्षे उचलली.

कल्पना साधी आहे. दहावी होणाऱ्या मुलांतून लेखी परीक्षा आणि मुलाखतीद्वारे दरवर्षी साठ मुलांची निवड करावयाची. त्यांना सिडको भागातील संस्थेच्या वसतिगृहात ठेवावयाचे. अकरावी-बारावीचे विज्ञान शिक्षण सुरू ठेवावयाचे आणि त्याच्या जोडीने प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेची व निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी करून घ्यावयाची. प्रमुखपदी सैन्यदलातील निवृत्त अधिकारी असतो आणि खर्चाचा मोठा भार राज्य शासन उचलते. पहाटे कवायत, दिवसा वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास. जेवणाच्या टेबलावर इंग्रजीतच बोलावयाचे. पहिले काही महिने हे बोलणे मोडके-तोडके असते आणि सारेच मोडके बोलत असल्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. माझ्या मते या संस्थेचे खरे मर्म येथे आहे. शिकवणीवर्गात शब्द पाठ करून घेता येतात; चुकत-माकत बोलण्याची भीड मात्र चोवीस तासांच्या सहवासातच मोडते. म्हणूनच अशा संस्था निवासी असाव्या लागतात.

मुलाखतीविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण तिच्याबद्दल खेड्यापाड्यांत अनेक गैरसमज आहेत. ही पाच दिवस चालणारी चाचणी आहे. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट रचून तिच्यावर गटाने चर्चा करण्याची कसोटी होते. त्यात अनेकजण गळतात आणि त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात, मैदानावर गटकार्ये होतात, एकट्याची मुलाखत होते आणि शेवटी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. मैदानावरील एक काम असे असते : दोन फळ्या, एक दोर, एक जड पिंप आणि मध्ये ओलांडावयाची काल्पनिक दरी. फळीची लांबी दरीपेक्षा कमी. आता गटाने हे ओझे पलीकडे न्यावयाचे. परीक्षक पाहतात ते एवढेच की युक्ती कोणाला सुचते, ती तो इतरांना पटवून देतो की ओरडून लादतो, आणि दुसऱ्याची युक्ती चांगली असली तर ती मोकळेपणाने स्वीकारतो की नाही.

हे ऐकून माझ्या मनात नेहमी खळ्यावरचे चित्र येते. बैलगाडीचा कणा मोडल्यावर भर रस्त्यात चार जणांना हाताशी धरून कडब्याची गाडी सावरणारी पोरे आपल्या गावात आहेत. हा गुण त्यांच्याजवळ असतोच. कमी पडतो तो बोलण्याचा सराव. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'गप्प बस' म्हणून खाली बसविण्याची आपली रीत आहे. त्या रीतीची किंमत हा मुलगा सात वर्षांनी निवड मंडळासमोर मोजतो. शिक्षक बंधुभगिनी मला क्षमा करतील अशी आशा आहे.

एस.पी.आय.मध्ये गेलेला प्रत्येकजण प्रबोधिनीत पोचतो असे कोणी समजू नये. मोठी संख्या पोचत नाही. काहीजण पदवीनंतरच्या परीक्षेतून सैन्यात येतात, काही इतर सेवांत जातात. दोन वर्षांचे शिक्षण वाया जात नाही, हे मात्र निश्चित.

आता आपल्या घराकडे येतो. राज्यात प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा असावी असे धोरण १९९५ च्या सुमारास शासनाने स्वीकारले आणि निरनिराळ्या संस्थांनी अशा निवासी शाळा काढल्या. आपल्या जिल्ह्यात तुळजापूरला श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानाचे सैनिकी विद्यालय आहे. भवानी तलवारीची कथा ज्या देवस्थानाशी जोडलेली आहे, त्याने सैनिकी शिक्षणाला हात द्यावा हे औचित्यपूर्णच म्हटले पाहिजे. सर्वसाधारणपणे राज्यातील या शाळांविषयी बोलावयाचे तर गणवेश, बँड आणि स्वातंत्र्यदिनाचे संचलन पाहून पालक हरखून जातात. तो आनंद मी कमी लेखत नाही. परंतु पालकांनी आणि शाळा समितीच्या सदस्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत. नववी-दहावीला गणित कोण शिकवतो आणि इंग्रजी किती तास बोलले जाते? संचलनाला निवड मंडळ गुण देत नाही.

हा विषय आज पूर्वीपेक्षा निकडीचा का झाला, तेही सांगणे आवश्यक आहे. पहाटे धाराशिवहून कळंब, भूम किंवा उमरगा, कोणत्याही दिशेला निघा. रस्त्याच्या कडेने पोरे धावताना दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. तीत सेवा चार वर्षांची आहे आणि त्यांतील एक चतुर्थांशापर्यंत अग्निवीरांना पुढे कायम केले जाते. जवानाची सेवा कमी मोलाची आहे असे कोणी म्हणणार नाही; नळदुर्गाचा हवालदार आपण विसरलेलो नाही. पण या धावणाऱ्या पोरांतला जो गणितात हुशार आहे, त्याला अधिकारी होण्याचाही रस्ता असतो हे कोणी सांगितलेले नसते. त्याच्या आधीच्या पिढीत कोणी त्या रस्त्याने गेलेले नाही. त्याला वाटते, सैन्य म्हणजे भरतीचे मैदान. सोळाशे मीटर किती मिनिटांत पळायचे हे त्याला तोंडपाठ असते आणि प्रबोधिनीच्या परीक्षेचे नाव त्याने ऐकलेले नसते.

मुलींच्या बाबतीत तर हे दार परवा-परवा उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील आदेशानंतर मुलींना प्रबोधिनीच्या परीक्षेस बसता आले. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली खडकवासल्याहून शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. सैनिक स्कूलांतही मुलींना आता प्रवेश आहे, आणि देहरादूनच्या त्या शंभर वर्षांच्या जुन्या संस्थेतही. महाराष्ट्र शासनाने संभाजीनगरच्या धर्तीवर खास मुलींसाठी नाशिक येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू केली. येथे बसलेल्या मुख्याध्यापिकांनी ही गोष्ट आपल्या नववीच्या वर्गात सांगावी. दहावीच्या निकालानंतर सांगून उपयोग नाही, कारण निवडीची लेखी परीक्षा त्यापूर्वीच होऊन गेलेली असते.

शेवटी वयाचा हिशेब. या सर्व संस्थांत गुणांइतकाच वयाला अर्थ आहे. सैनिक स्कूलच्या सहावीसाठी ३१ मार्च रोजी दहा ते बारा वर्षे आणि नववीसाठी तेरा ते पंधरा. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच. प्रबोधिनीसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद होतो. आणि आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये अजूनही कितीतरी मुलांचा जन्म एक जूनला झालेला आहे! पूर्वी गुरुजी बापाला विचारीत, "पोरगं कधी झालं?" बाप म्हणे, "ज्वारी काढणीला आली तवा," आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. त्यात त्यांचा दोष नव्हता. पोर शाळेत आले हेच पुष्कळ होते. पण ज्वारी काढणीला येते माघ-फाल्गुनात. त्या एका नोंदीने कोणी सरकारी कागदावर तीन-चार महिन्यांनी लहान होतो, कोणी आठ-नऊ महिन्यांनी मोठा होतो. आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारीखच ग्राह्य धरतो आणि एकदा ती सादर झाली की बदलाची विनंती ऐकून घेत नाही. ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि शाळेतील नोंद ताडून पाहण्याचे काम पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटांत होते. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. त्यानंतर ते काम बोर्डाच्या कार्यालयापर्यंत जाते आणि बहुधा तोवर मुलाने एकोणीस ओलांडलेले असतात.